शंभर टक्के नोकऱ्या

माझ्या भावाला पहिली नोकरी लागली. ती बातमी त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितली, आणि मी हातातला झारा खाली ठेवून त्याच्या कानाखाली जाळ काढला.

आई धावत आली. "अगं बये, पोराला नोकरी लागलीय आणि तू मारतेस काय त्याला?"

"कुठं लागलीय ते विचार की. विचार त्याला!"

तो गाल धरून उभा. त्यानं कंपनीचं नाव सांगितलं आणि आई मटकन खाली बसली. ते नाव आमच्या घरात रोज घेतलं जायचं, आणि गेला महिनाभर तर शिव्यांसकट घेतलं जायचं. ती माझीच कंपनी. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करते. तिथल्या पत्रा दाबायच्या प्रेसवर मी अर्धी हयात घालवली, आणि तेव्हा आम्ही सगळे तिच्या गेटबाहेर संपावर बसलो होतो. कंपनीला जुनी कायम माणसं काढून त्यांच्या जागी कॉलेजातून नुकते बाहेर पडलेले शिकाऊ घ्यायचे होते, म्हणून संप. आणि त्याच शिकाऊंमधला एक आमच्या घरात निपजला होता.

"पगार किती?" मी विचारलं.

त्यानं सांगितला. माझ्या निम्मा. हसावं की रडावं तेच मला कळेना.

"पत्रात शिकाऊ इंजिनियर लिहिलंय, ताई."

"मग ते पत्र भिंतीला लाव आणि सकाळ-संध्याकाळ चाट."

घरात आम्ही त्याला साहेब म्हणतो. लहानपणी बूट घातल्याशिवाय शेजारीसुद्धा जायचा नाही, तेव्हापासून. वडील गेले तेव्हा माझ्या लग्नाचं बघायचं की त्याच्या शिक्षणाचं, असा प्रश्न आला होता. मी म्हटलं, आधी साहेब. ते 'आधी' संपेपर्यंत माझं वय उलटून गेलं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. घरातला पहिला पदवीधर! त्याच्या कॉलेजच्या फाटकावर मोठा फलक लावला होता, 'यंदा शंभर टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या', आणि खाली सगळ्यांचे फोटो. आई तो फलक दोनदा बघून आली होती.

"दुसरी शोध," मी म्हटलं.

"नाही शोधता येत. नियम आहे. कॉलेज एकदाच नोकरी देतं. पहिली नाकारली की पुढच्या एकाही मुलाखतीला बसू देत नाहीत. आणि बाहेर गेलं की सगळे अनुभव मागतात."

म्हणजे आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना!

"बाकीची पोरं काय करतायत?"

"बाकीची?" तो हसला. गालावर माझी बोटं उमटलेली आणि त्यातून हसला. "कॉम्प्युटरला पहिला आलेला दिवसभर फोनवर विमा विकतो आणि लोकांच्या शिव्या खातो. इमारती बांधायला शिकलेला घरोघरी पार्सलं पोचवतो, कॉलेजनं तो वाहतूक क्षेत्रात धरलाय. रसायनवाली एक होती ना, ती क्रीम-पावडरच्या दुकानात पांढरा कोट घालून उभी असते. कोट पांढरा म्हणून ती आरोग्य क्षेत्रात. आणि एकाच्या बापाचे पेट्रोल पंप आहेत. बापानं पोराला मनाला येईल तो पगार लावला आणि सगळ्या वर्गाची सरासरी वर गेली. सरासरीनं बघितलं तर मी श्रीमंत आहे, ताई."

आईला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मी ते गिळलं.

"तू आत जाऊन माझ्या प्रेसवर बसणार. माझ्या. कळतंय का तुला?"

"एक वर्ष काढतो. अनुभवाचं पत्र मिळालं की सुटलो."

तो गेला. दुसऱ्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पुसून गेला.

मी गेटवर पोचताच सगळ्यांना सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही. "शिकाऊंना घेऊन येणाऱ्या बसमध्ये माझा भाऊ आहे. ज्याला काय बोलायचंय त्यानं तोंडावर बोलावं, पाठीमागं कुजबुजाल तर जीभ हासडीन."

आमचा पुढारी मामा. लेथवरचा म्हातारा, एका पायानं अधू, काठी टेकत चालणारा. सगळी कंपनी त्याला मामा म्हणते. तो एवढंच म्हणाला, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, ताई. कुणाला काय बोलणार?"

भोंग्याला मात्र गप्प राहवलं नाही. भोंगा म्हणजे आमचा फोर्कलिफ्टवाला. आवाज असा की जेवणाच्या सुट्टीला कंपनीचा भोंगा वाजायची गरज नव्हती. एकदा माझी बाही प्रेसमध्ये सापडली तेव्हा यानंच मला कमरेला धरून मागं खेचलं होतं. बाही गेली, हात राहिला. तेव्हापासून मला ताई म्हणायचा आणि माझ्या शिव्या सगळ्यांत जास्त तोच खायचा. तो ओरडला, "ताईचा साहेब म्हणजे माझा साहेब! त्याला कुणी हात लावला तर हात उपटून देईन."

बस आली. खिडक्यांना जाळ्या. पुढच्या सीटवर कॉलेजचे नोकरीवाले सर, म्हणजे पोरांना नोकऱ्या लावून द्यायचं काम ज्याच्याकडे असतं तो माणूस. पोरं मध्येच उतरून पळू नयेत म्हणून गुरं पोचवायला आल्यासारखा रोज सोबत यायचा. आमच्या लोकांनी पत्रे बडवले, बसवर थुंकले. कुत्रे, कुत्रे, म्हणून नुसता गजर. मीही ओरडले. जाळीमागं मला साहेबाचा चेहरा दिसला, त्यालाही मी दिसले. तरी ओरडले. रोज ओरडले.

संध्याकाळी आम्ही दोघं एकाच टेबलावर जेवायचो. आई दोघांनाही वाढायची.

मग कंपनीनं बाहेरून दांडगे आणले. काळे शर्ट, हातात वेताच्या काठ्या. एका दुपारी गेट उघडलं आणि ते आमच्या संपाच्या मांडवात घुसले. त्यांनी बाया बघितल्या नाहीत की म्हातारे बघितले नाहीत. एकानं मामाची काठी हिसकावून तिनंच मामाला झोडपलं. माझ्या पाठीवर दोन बसल्या, तिसरी बरगडीवर. रंगखात्यातल्या एकाचा जबडा तुटला, दात मातीत पडले आणि तो ते वेड्यासारखा वेचत बसला. आत कारखान्याच्या वरच्या मजल्यावर शिकाऊ पोरं खिडक्यांना चिकटून बघत होती.

घरी साहेबानं माझ्या पाठीला मलम लावलं. 

"उद्या जाऊ नकोस," मी म्हटलं. "उद्या आमची माणसं गप्प बसणार नाहीत. मामा सांगून थकला, कुणी ऐकत नाही. पहारी जमवल्यात."

"सरांनी सांगितलंय, उद्या जो गैरहजर राहील त्याचं पदवीचं प्रमाणपत्र अडकवतील."

"अरे, प्रमाणपत्र मोठं की डोकं?"

त्यानं मलमाच्या बाटलीचं झाकण लावलं, हात धुतले. सकाळी मला जाग आली तेव्हा त्याचे बूट दारात नव्हते.

मी धावतच गेटवर गेले. भोंग्याला गाठलं. "तो आलाय. बसमध्ये आहे तो!"

"बरं झालं सांगितलंस. मीच आधी चढतो आणि त्याला काखेत मारून घेऊन येतो. तू मांडवापाशी थांब."

बस वळणावर दिसली आणि पहिला दगड गेला. मग दगडच दगड. पुढची काच फुटली, ड्रायव्हर दार उघडून उडी मारून पळाला आणि बस खांबाला जाऊन धडकली. आमची माणसं आली ती वारूळ फुटल्यासारखी. पहारीनं जाळ्या उचकटल्या. दारातून पहिला पोरगा ओढला, चष्मा लावलेला, तोंडानं "काका, काका" करत होता. त्याच्या पाठीत लाथ बसली, तो पडला, त्याच्या अंगावर आणखी दोघं पडले. एकाच्या हातावर पहार आली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मामा लंगडत मध्ये शिरून ओरडत होता, "पोरं आहेत रे! आपलीच पोरं आहेत!" त्यालाही कुणीतरी ढकललं. सर सीटखाली घुसले होते, त्यांचे फक्त पाय दिसत होते.

मी मांडवापाशी कसली थांबतेय! माणसं ढकलत, कोपरं मारत बसच्या दारापाशी पोचले. तेवढ्यात भोंगा आत चढला होता. त्याचा आवाज सगळ्या गोंधळावरून ऐकू आला, "साहेब! अहो साहेब, चला, ताई बोलावतेय!"

त्यानं साहेबाला मागच्या सीटवरून ओढून काढलं, स्वतः त्याच्यावर वाकला आणि लोकांचे फटके आपल्या पाठीवर घेत त्याला दाराकडं आणू लागला. भोंगा पुढं, साहेब मागं, असे पायरीवर दोघं आले. भोंग्यानं मला बघितलं आणि हसला. म्हणाला, "घे तुझा—"

साहेबाच्या हातात पाना होता. आदल्या दिवशी सुपरवायझरनं स्टोअरमधून प्रत्येक पोराला एकेक मोठा पाना दिला होता, जवळ असू दे म्हणून. हे मला नंतर कळलं. त्यानं तो मागून भोंग्याच्या डोक्यात घातला.

भोंगा गुडघ्यावर आला. त्याला कळलंच नव्हतं काय झालं, तो हात वर करून डोकं चाचपत होता. पहिला घाव मी माफ केला असता. पोरगं घाबरलेलं, चहूकडून मार, कोण आपला कोण परका कळायला डोकं जाग्यावर लागतं. पण मग त्यानं खाली बघितलं. भोंग्याचं तोंड वर होतं. साहेबानं त्याला ओळखलं. किती वेळा आमच्या घरी येऊन चहा प्यायलेला माणूस, ओळखणार नाही? ओळखलं आणि पुन्हा मारलं. आणि पुन्हा. मी किंचाळत त्याचा हात धरला तेव्हा माझ्या तोंडावर रक्त उडालं होतं आणि साहेब दात ओठ खाऊन मारतच होता.

मग पोलिसांच्या गाड्या आल्या. सगळे पांगले. पाना कुणाच्या तरी पायाखाली जाऊन गटारात पडला.

भोंगा दवाखान्यात दोन दिवस नुसता श्वास घेत पडून होता, मग तोही थांबला. त्याची बायको बाकावर माझ्याशेजारी बसली होती. मी वहिनी म्हणते तिला. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "ताई, तुम्ही तिथंच होतात ना? कुणी मारलं हो त्यांना?" मी मान फिरवली. ती म्हणाली, "असू दे. तुम्हालाही लागलंय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्याच दिवशी पोलिसांनी मामाला उचललं. कंपनीच्या माणसांनी जबाब दिला की संपवाल्यांची आपसात जुंपली आणि मामानं काठीनं भोंग्याला मारलं. तो म्हातारा ज्या काठीवर चालतो तीच पुरावा म्हणून जप्त! बसच्या दारापाशी त्या गोंधळात खरं काय झालं ते पाहिलेली मी एकटीच होते. माझा जबाब व्हायचा होता.

तो व्हायच्या आधी नोकरीवाले सर आमच्या घरी आले. कपाळाला पट्टी, हातात फळांची पिशवी, गळ्यात टाय. खुर्चीच्या टोकावर बसले.

"तुम्ही एवढंच सांगा, गर्दी होती, दिसलं नाही. खोटं बोला असं मी म्हणतच नाही."

"मग काय म्हणताय?"

"कंपनी तुमच्या भावाला कायम करतेय. बॅचमधला पहिला. पगार दुप्पट. आणि हे बघा, यंदा आमचे शंभर टक्के झालेत. एका मुलावर खुनाचा गुन्हा आला तर पुढच्या वर्षी एक कंपनी आमच्या दारात यायची नाही. शेकडो मुलांचा प्रश्न आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याचा टाय धरला, उठवला आणि त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. पट्टीतून रक्त आलं. आईनं माझ्या कमरेला मिठी घातली तेव्हा कुठं मी सोडलं. तो माणूस उलट बोललासुद्धा नाही. रुमालानं कपाळ दाबत म्हणाला, "बाई, माझीही नोकरी त्या आकड्यावरच आहे हो." त्याची पिशवी मी त्याच्या पाठीवर फेकून मारली.

आतल्या खोलीत साहेब पलंगावर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तू स्वतः चल," मी म्हटलं. "मी बरोबर येते. पहिला घाव भीतीनं घातला असं सांग, मी साक्ष देईन. पण चल."

"आणि नंतरचे?"

"ते तू सांग मला. का मारलंस?"

तो नखं बघत म्हणाला, "रोज कुत्रा म्हणायचात. सगळे. तूही. एवढं शिकून मी जाळीच्या मागं बसायचो आणि तुम्ही थुंकायचात. तो खाली पडला तेव्हा वाटलं, एकदा मी मारून बघावं."

मला त्याची दया आली. खरंच आली. ते ओरडणं माझंच होतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चल राजा. मामा आत सडतोय. त्या म्हाताऱ्याला जन्मठेप होईल."

त्यानं माझा हात बाजूला केला. अगदी शांतपणे, समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मामांचं वय झालंय, ताई. त्यांचं सगळं जगून झालंय. माझं आत्ता कुठं सुरू होतंय."

मग मी त्याला मारलं. उशीनं, चपलेनं, कोपऱ्यातल्या छत्रीनं, छत्री मोडल्यावर नुसत्या हातांनी. पाठीच्या बरगड्या ठणकत होत्या तरी मारलं. त्यानं एकदाही हात उचलला नाही, डोकं गुडघ्यांत घालून बसून राहिला. दमले तेव्हा त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या केसांत तोंड खुपसून रडले. त्याला लहान असताना मीच न्हाऊ घालायचे. मग उठले आणि पायात चपला घातल्या.

आई दारात आडवी उभी. "एक माणूस मेला तो मेला. आता हा पण घालवतेस? बाहेर पाऊल टाकलंस तर मी तुझी आई नाही."

"बाजूला हो, आई."

ती झाली नाही. मी तिला खांद्याला धरून बाजूला केलं. ती भिंतीला धडकली आणि खाली बसली. मी मागं वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर राहिले असते.

ठाण्यात जबाब लिहून घ्यायला एक वयस्क पोलीस होता. डोळ्यांवर चष्मा, समोर थंड झालेला चहा. मी सगळं सांगितलं. दगडांपासून पान्यापर्यंत, एक घाव आणि मग दुसरा आणि मग तिसरा. पाना कुठल्या गटारात पडला तेही सांगितलं. तो खाली मान घालून लिहीत होता.

"मारणाऱ्याशी तुमचं नातं?"

"सख्खा भाऊ."

त्याचं पेन थांबलं. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली वाकला.

"शिक्षण?"

"इंजिनियर."

"नोकरी?"

"आहे. आत्ताच कायम झालाय."

"पगार?"

मी नवा पगार सांगितला. त्यानं तो लिहिला, मग पुन्हा वाचला. बाजूच्या टेबलावर कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि माझ्याकडं वाकून हळूच म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. माझी पोरगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. तिथं अजून भरती चालू आहे का हो?"

त्याच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं. तो बाप होता, एवढंच.

"चालू आहे," मी म्हटलं. "आता दोन जागा रिकाम्या झाल्यात."

एक भोंग्याची, एक साहेबाची. मग मात्र मला आवरलं नाही. त्या जबाबाच्या कागदावर डोकं टेकून मी हंबरडा फोडला आणि तो बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभा राहिला.